वर्षाचे समारंभ, वर्षाच्या व्याजात

नोकरीत असताना रजा नाही म्हणून टाळलेली लग्ने, मुंजी आणि यात्रा निवृत्तीनंतर एकदम समोर उभ्या राहतात. त्याच वेळी आयुष्यात कधी न पाहिलेली मोठी रक्कम खात्यात जमा झालेली असते. या धड्यात आपण एका जोडप्याच्या अशा वर्षाचा हिशेब पाहू. हे जोडपे म्हणजे माझे आई-बाबा. मी बँकेत अधिकारी आहे, आणि तरीही या हिशेबातली मोठी चूक माझीच आहे.

पहिले वर्ष

बाबा बडोद्यात नोकरी करून साठाव्या वर्षी निवृत्त झाले. महिन्याच्या पेन्शनमध्ये घरखर्च जेमतेम भागत होता. मिळालेले २० लाख रुपये मी त्यांना ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एकाच खात्यात ठेवायला सांगितले. व्याजाचा दर ८.२ टक्के, म्हणजे वर्षाला १,६४,००० रुपये. दर तिमाहीला ४१,०००. खाते एप्रिलच्या सुरुवातीला उघडले.

त्यानंतर खर्च असे झाले:

मे: भाचीचे लग्न, आहेर आणि प्रवास – ४०,०००
ऑगस्ट: बाबांची षष्ट्यब्दी, दीडशे पाने – ६५,०००
दिवाळी: मुले, सुना, नातवंडे सगळे घरी – ३५,०००

एकूण १,४०,०००. जानेवारीपर्यंत व्याजाचे तीन हप्ते मिळाले होते, म्हणजे १,२३,०००. उरलेले १७,००० बचत खात्यातून गेले. यातला एकही खर्च उधळपट्टीचा नव्हता. त्या त्या वेळी प्रत्येक खर्च योग्यच वाटला. चारही तिमाह्यांचा हिशेब एकत्र मात्र कोणी मांडला नव्हता.

फेब्रुवारीत आई-बाबा रामेश्वर, मदुराई आणि कन्याकुमारीला जाणार होते. अंदाज ६०,००० रुपयांचा. जानेवारीत आईच्या मोतीबिंदूचे निघाले आणि ४५,००० रुपये लागले. आरोग्य विमा होता, पण नव्या पॉलिसीत मोतीबिंदूसारख्या आजारांना बहुधा प्रतीक्षा कालावधी असतो. तो पूर्ण झाला नव्हता.

बाबांनी मला फोन केला. म्हणाले, "अरे, त्या वीस लाखांतले लाखभर काढून टाकू."

तेव्हा मला माझी चूक दिसली. या योजनेच्या खात्यातून थोडीच रक्कम काढता येत नाही. मुदतीआधी पैसे हवे असतील तर पूर्ण खाते बंद करावे लागते. एक वर्षाच्या आत बंद केले तर व्याज मिळत नाही, आणि आधी दिलेले व्याज मुद्दलातून वळते करून घेतात. म्हणजे एका लाखासाठी बाबांचे १,२३,००० रुपये गेले असते. एक वर्षानंतर पण दोन वर्षांच्या आत बंद केल्यास मुद्दलाच्या दीड टक्का कपात होते. वीस लाखांवर ती ३०,००० रुपये येते. दोन वर्षांनंतर कपात एक टक्का असते.

खाते आम्ही मोडले नाही. बाबांची एक लाखाची जुनी मुदत ठेव बँकेत होती. तिच्यावर कर्ज घेऊन शस्त्रक्रिया केली. यात्रा राहिली. आई म्हणाली, "जाऊ की पुढच्या वर्षी, घाई काय आहे!" हेच वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. माझ्या फीच्या वेळी, ताईच्या लग्नाच्या वेळी, घराच्या हप्त्यांच्या वेळी. घरात पैसे कमी पडले की पहिली काट आईच्या इच्छेवर बसते, आणि ती स्वतःच ती मारते.

दुसरे वर्ष

मार्चमध्ये आम्ही तिघांनी बसून एक कागद केला. वर वर्षाचे व्याज लिहिले: १,६४,०००. खाली वाटणी:

आजारपण व अचानक खर्च – ३०,०००
दक्षिणेची यात्रा – ५२,०००
लग्नकार्ये आणि आहेर – ३२,०००
दिवाळी – ३०,०००
नातवाचा पहिला वाढदिवस – २०,०००

यात्रा कमी खर्चात बसवली, पण यादीत वर आणली. आहेराची रक्कम ठरवताना बाबा अडले. "लोक काय म्हणतील?" मी विचारले, "गेल्या वर्षी तुम्हाला कोणी किती आहेर केला, आठवतो का?" त्यांना दोनच पाकिटे आठवली. मग त्यांनी आकडा लिहिला.

प्रवासाचा हिशेब करताना दोन गोष्टी पाहिल्या. रेल्वेची ज्येष्ठांसाठीची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये थांबवली गेली, म्हणून पूर्ण भाडे धरले. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते. जानेवारीचा हप्ता जमा झाला, त्याच आठवड्यात मार्चच्या सुरुवातीची तिकिटे काढली. आई-बाबा कन्याकुमारीला जाऊन आले.

तुम्ही काय कराल?

१. निवृत्तीची सगळी रक्कम एका खात्यात अडकवू नका. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एकूण ३० लाखांच्या मर्यादेत एकाहून अधिक खाती उघडता येतात. वीस लाखांची १०, ५ आणि ५ लाख अशी तीन खाती केली असती, तर दुसऱ्या वर्षी गरज पडल्यास पाच लाखांचे एकच खाते मोडावे लागले असते. कपात ३०,००० ऐवजी ७,५०० रुपये.

२. चार-सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम बँकेच्या साध्या मुदत ठेवीत वेगळी ठेवा. अडचणीत ती मोडता येते किंवा तिच्यावर कर्ज घेता येते.

३. या योजनेचे व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या पहिल्या कामकाजाच्या दिवशी मिळते. घरातली कार्ये आणि प्रवास या चार तारखांसमोर लिहा. कोणत्या तिमाहीत ओढ बसेल, ते आधीच दिसेल.

४. तुमच्या उत्पन्नावर कर लागत नसेल, तर व्याजावर करकपात होऊ नये म्हणून द्यायचे घोषणापत्र वर्षाच्या सुरुवातीलाच भरून द्या.

आज रात्री जेवण झाल्यावर कागद घ्या आणि दोघांनी मिळून येत्या वर्षाची यादी करा. नातेवाइकांची कार्ये आपोआप आठवतील. त्याआधी एकमेकांना एक प्रश्न विचारा: "तुझे काय राहिले आहे?" जे उत्तर येईल, ते पहिल्या ओळीत लिहा आणि त्यासमोर रक्कम टाका.