सांडपाण्यातील संप्रेरके : जीवाणू आणि लोखंड यांचे साहाय्य

पाणी नितळ दिसले आणि त्याला दुर्गंधी राहिली नाही, म्हणजे ते शुद्ध झाले, असा सर्वसाधारण समज आहे. मैलाशुद्धीकरण केंद्रांतून नदीत सोडल्या जाणाऱ्या पाण्याबाबत मात्र हा समज अपुरा ठरला आहे. डोळ्यांना न दिसणारी, परंतु अत्यल्प प्रमाणातही सजीवांवर परिणाम करणारी द्रव्ये या पाण्यात राहून जातात. स्त्री-संप्रेरके ही त्यांपैकीच होत.

एस्ट्रोन आणि एस्ट्रॅडिऑल ही नैसर्गिक संप्रेरके माणसांच्या व जनावरांच्या मलमूत्रातून बाहेर पडतात. एथिनिल एस्ट्रॅडिऑल हे कृत्रिम संप्रेरक संततिनियमनाच्या गोळ्यांत वापरले जाते. शरीर ही द्रव्ये बहुतांशी निष्क्रिय करून बाहेर टाकते. परंतु गटारातील जीवाणू त्यांची जोडणी तोडतात आणि संप्रेरके पुन्हा क्रियाशील होतात.

एका तलावाची साक्ष

कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात संशोधनासाठी राखून ठेवलेल्या एका तलावात 2001 ते 2003 या काळात दर उन्हाळ्यात एथिनिल एस्ट्रॅडिऑल मिसळण्यात आले. त्याचे प्रमाण लिटरमागे सुमारे 5 ते 6 नॅनोग्रॅम, म्हणजे साधारणतः वीस कोटी लिटर पाण्यात एक ग्रॅम, इतके अल्प होते. तरीही फॅटहेड मिनो या लहान माशांच्या नरांच्या शरीरात अंड्यातील प्रथिन तयार होऊ लागले, प्रजनन खुंटले आणि ही जात त्या तलावातून जवळजवळ नाहीशी झाली. संप्रेरक मिसळणे थांबविल्यानंतर काही वर्षांनी माशांची संख्या पूर्ववत होऊ लागली. प्रदूषण थांबविल्यास निसर्ग सावरतो, हा या प्रयोगाचा दुसरा धडा होय.

प्रचलित उपाय

हवा खेळविलेल्या गाळातील जीवाणू नैसर्गिक संप्रेरकांचा बराच भाग नष्ट करतात. कृत्रिम संप्रेरकाची रचना अधिक चिवट असल्याने ते सहजासहजी विघटित होत नाही. त्यासाठी ओझोन वायू किंवा क्रियाशील कोळसा वापरता येतो. स्वित्झर्लंडने 2016 पासून निवडक केंद्रांना अशा जादा प्रक्रियेचे बंधन घातले आहे. परंतु हे उपाय खर्चिक असून ओझोननिर्मितीस वीजही बरीच लागते.

गंजाचा श्वास

या दृष्टीने जीवाणू व लोखंड यांच्या संयुक्त कार्याकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले गेले आहे. शेवानेला वंशाचे जीवाणू प्राणवायू नसताना गंजातील लोहाचा उपयोग श्वसनासाठी करतात. त्यामुळे फेरिक लोहाचे फेरस लोहात रूपांतर होते. त्यानंतर पाण्यात हवा सोडली की हेच जीवाणू अल्प प्रमाणात हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण करतात. फेरस लोह व पेरॉक्साइड एकत्र येताच हायड्रॉक्सिल हा अतिशय तीव्र घटक जन्म घेतो आणि तो संप्रेरकाच्या रेणूवर हल्ला चढवितो. ज्या वलयामुळे रेणूला संप्रेरकाचे गुण लाभतात, ते वलयच तुटते. लोह पुन्हा फेरिक रूपात येते आणि हवा बंद होताच चक्र नव्याने सुरू होते.

लोह व पेरॉक्साइड यांची ही अभिक्रिया इंग्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ फेंटन यांनी 1894 मध्ये नोंदविली होती. एरवी तिच्यासाठी पाणी आम्लधर्मी करावे लागते आणि पेरॉक्साइड विकत आणून मिसळावे लागते. जीवाणूंच्या साहाय्याने ती सामान्य पाण्यातही घडू शकते, हा या पद्धतीचा मुख्य लाभ होय.

मर्यादा

तथापि, सांडपाण्यातील इतर सेंद्रिय पदार्थही हायड्रॉक्सिल खर्च करून टाकतात. त्याची तीव्रता जीवाणूंनाही बाधू शकते, म्हणून हवेचा पुरवठा मोजूनमापून करावा लागतो. विघटनानंतर उरणारी द्रव्ये निरुपद्रवी आहेत की नाहीत, याचीही तपासणी आवश्यक असते. त्यामुळे ही पद्धत आजच्या शुद्धीकरणाची जागा घेणारी नसून त्याला पूरक ठरू शकेल अशी आहे.

तोपर्यंत हाती असलेले उपाय काटेकोरपणे योजणे अगत्याचे आहे. शुद्धीकरण केंद्रातील हवेचा पुरवठा खंडित होऊ न देणे, गोठ्यातील शेण व मूत्र ओढ्यात जाऊ न देणे आणि उरलेल्या गोळ्या मोरीत वा संडासात न टाकणे, या गोष्टी साध्या आहेत. पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी त्या घरोघरी समजावून सांगितल्यास गावाखालच्या प्रवाहातील जीवसृष्टीचे मोठ्या प्रमाणावर रक्षण होईल.