आजीला सांग, किती मज्जा येते!

गेल्या वर्षी सप्टेंबरात आम्ही श्रीरामपूरचं घर आजीच्या हवाली करून म्युनिकला आलो. लेक तेव्हा चार वर्षांची होती. दर रविवारी सकाळी आजीचा व्हिडिओ कॉल यायचा. मी लेकीला पुढं करायची, ‘आजीला सांग, किती मज्जा येते इथं!’ ती मान डोलवायची. आजीचा जीव भांड्यात पडायचा आणि माझाही.

आपण सगळेच असं करतो ना? परदेश कशाला, पुण्याला बिऱ्हाड हलवलं तरी करतो. पोरानं एकदा ‘छान आहे’ म्हटलं की आपण घेतलेला निर्णय चुकला नाही, असा धीर येतो.

नवल वाटण्यासारखं खूप होतं. भुयारी रेल्वेच्या स्टेशनात शिरताना फाटक नाही, आपलं आपण तिकीट काढायचं. रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारी संध्याकाळी दूध-ब्रेडसाठी पळापळ. पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की 25 सेंट परत. भुरभुर पावसातही बालवाडीतली पोरं रबरी विजारी चढवून चिखलात. मी हे सगळं लेकीला बोट धरून दाखवत होते, समजावत होते. पण ते मला नवं होतं. तिला काय नवं वाटतंय, हे विचारायचं राहूनच गेलं.

इथल्या बालवाडीत पहिल्याच दिवशी मूल सोडून येत नाहीत. आईनं किंवा वडिलांनी काही दिवस वर्गातच कोपऱ्यात बसायचं, मग पाच मिनिटं बाहेर जायचं, मग अर्धा तास. या रुळण्याला त्यांच्याकडं खास शब्द आहे, आयनगेव्योनुंग. आपण दारातच रडणाऱ्या पोराचा हात सोडवतो आणि म्हणतो, आई दिसेनाशी झाली की गप्प बसतं. मला ही पद्धत फार आवडली. पण खरं सांगू, मी कोपऱ्यात बसायची तेव्हा अर्धं लक्ष खिशातल्या मोबाइलकडं असायचं. ऑफिसची कामं तुंबली होती.

लेक तिथं जवळजवळ पाच महिने एक शब्द बोलली नाही. मी घाबरून घरातही मोडकंतोडकं जर्मन सुरू केलं, तेव्हा तिच्या बाईंनी थांबवलं. म्हणाल्या, घरी तुमचीच भाषा बोला, ती इथं ऐकतेय, शब्द साठवतेय. नव्या भाषेत पडलेली बरीच मुलं आधी अशी गप्प असतात. फेब्रुवारीत तिचा पहिला शब्द फुटला, ‘नाइन’. म्हणजे नाही. कुणीतरी तिचं लाल फावडं ओढलं होतं.

मग ऑगस्टच्या सुट्टीत श्रीरामपूरला आलो. एका संध्याकाळी पाऊस लागला आणि लाइट गेली. आजी ओट्यावर शेंगा फोडत होत्या. लांबून रेल्वेचा भोंगा ऐकू आला. लेक आजीला बिलगली आणि म्हणाली, ‘आजी, तिकडं ना, आई मला रात्री न्यायला यायची.’

मी चमकले. रात्री? मी तर रोज साडेचारच्या ठोक्याला दारात असायची!

मग लक्षात आलं. डिसेंबरात म्युनिकला चारच्या सुमारास अंधारायला लागतं, साडेचारच्या आत सूर्य बुडालेला असतो. श्रीरामपूरला डिसेंबरातसुद्धा सहापर्यंत उजेड. तिला घड्याळ कुठं कळत होतं? खिडकीबाहेर काळोख झाला की तिच्या लेखी रात्र झाली आणि आई अजून आली नाही. हिवाळाभर ती रोज हेच मनात घेऊन बसत होती आणि रविवारी आजीला मान डोलवून मज्जा सांगत होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. बाटल्यांचे 25 सेंट समजावले होते मी तिला. अंधार समजावला नव्हता.

आता आम्ही ‘मजा आली का?’ विचारत नाही. डब्यातलं काय उरलं, आज कुणाशेजारी बसलीस, असलं बारीकसारीक विचारतो. आधी मी माझं सांगते, आज दुकानात मला पिशवी मागताच आली नाही, हातात कांदे घेऊन आले. मग तिचंही बाहेर पडतं, कधी लगेच, कधी आंघोळीच्या वेळी. ‘मला नाही आवडत इथं’ म्हणाली तरी मी पटवत बसत नाही. जड जातं, पण जवळ घेऊन नुसती ऐकते. तुम्हीही गाव बदललं असेल, शाळा बदलली असेल, तर एखादा दिवस असं करून बघा.

आजींनी आपल्या परीनं तोडगा काढलाय. हिवाळ्यात आमच्या दोन घड्याळांत साडेचार तासांचं अंतर. मी लेकीला घेऊन बालवाडीबाहेर पडते तेव्हा श्रीरामपुरात नऊ वाजलेले असतात, आजींची झोपायची वेळ. तरी त्या जाग्या राहतात. ट्रामच्या थांब्यापर्यंत फोन लेकीच्या हातात असतो.

‘आजी, तुझ्याकडं अंधार पडला?’

‘पडला गं बाई, केव्हाच.’

‘माझ्याकडं पण.’