पीएफची रक्कम पतसंस्थेत ठेवावी का?

प्रश्न : जळगाव एमआयडीसीतल्या चटई कारखान्यातून मी ५८व्या वर्षी निवृत्त झालो. पीएफची रक्कम नुकतीच हाती आली. ओळखीचा एजंट म्हणतो, "पतसंस्थेत ठेवा, व्याज जास्त. सरकारी नोंदणी आहे, म्हणजे विमाही आलाच." ठेवू का?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : पैसे अजून तुमच्याच हातात आहेत, तेव्हा घाबरू नका. नोंदणी वेगळी, विमा वेगळा. पाच लाखांपर्यंतचा ठेव विमा बँकांना असतो, सहकारी बँकांनाही, पतसंस्थांना नाही. आपल्याच जळगावची भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट पतसंस्था २०१५मध्ये अवसायनात गेली आणि ठेवीदार वर्षानुवर्षे ताटकळले. एजंटला स्पष्ट नाही म्हणा.

पोस्टात किंवा बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे खाते उघडा. एरवी वयाची अट ६० आहे; पण ५५ नंतर निवृत्त झालेल्यांना निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांत ते उघडता येते. ही मुदत चुकवू नका. व्याज दर तिमाहीला मिळते. नोकरी दहा वर्षे झाली असेल तर पेन्शनसाठी फॉर्म १०-डी वेगळा भरा. पीएफ काढल्याने पेन्शन बुडत नाही.

सल्लागार हवाच असेल, तर त्याचा सेबी नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर पडताळा. आणि चेक कोणत्याही एजंटच्या नावाने देऊ नका.