त्रिकोणांची वाकळ जोडताना

संकेश्वर

चि. सोनू,


तुझा चौकटीच्या कागदावरचा नमुना मिळाला. आडव्या 12, उभ्या 15, एकूण 180 चौकटी. प्रत्येकीत एक गडद नि एक फिका त्रिकोण, आणि मधोमध मोठी चांदणी. चौकट शिवून 4 इंचांची ठेवलीस तर चार फूट बाय पाच फूट होईल, बाळाला भरपूर. नमुना मला आवडला. पण तो आपल्या वाकळीच्या रीतीतला नाही, हे आधी ध्यानात घे.

आपल्याकडं खाली लुगडं पसरतात, त्यावर जुन्या कपड्यांचे थर देतात, वर ठिगळ ठेवलं की धावदोऱ्यानं लगेच तिथंच पक्कं करतात. हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका एका कोपऱ्यापासून सुरू करून कडेकडेनं फिरत मध्यावर येतात, आणि कोपऱ्यांना घडीच्या तुकड्यांची फुलं लावतात. या रीतीत क्रम चुकायचा प्रश्नच येत नाही. ठेवलं, शिवलं. तुझ्या नमुन्यात मात्र सगळे तुकडे आधी एकमेकांना जोडायचे आणि अस्तर शेवटी. तोवर 180 चौकटी मोकळ्या. त्यांचा क्रम डोक्यात ठेवू नकोस. मध्येच तू उठलीस आणि दुसरं कोणी मशिनवर बसलं, तरी त्याला न विचारता पुढं शिवता यावं, अशी मांडणी हवी.

त्रिकोण सुटे कापूच नकोस. तिरप्या धाग्यावर कापलेली कड हाताळताना ताणते, मग काही केल्या टोकाला टोक लागत नाही. गडद आणि फिका असे 5 इंची चौकोन सुलट्या बाजू आत घेऊन एकावर एक ठेव, कर्णाची रेघ मार, रेघेच्या दोन्ही अंगांना पाव इंचावर टीप घाल आणि मग रेघेवर काप. एकदम दोन चौकटी मिळतात. त्या साडेचार इंचांवर नीट छाटून घे. शिलाईला सगळीकडं पाव इंचच जाऊ दे. एका ओळीत प्रत्येक कडेला अर्धं सूत जास्त गेलं, तर 11 जोडांत सव्वा इंचाहून जास्त कापड खाल्लं जातं, आणि ती ओळ शेजारणीशी जुळत नाही.

आता मांडणी. पंखा बंद करून जुन्या चादरीवर सगळ्या चौकटी मांड. (पंख्याखाली तुकडे मांडणाऱ्यांना देवच वाचवो.) मोबाइलवर फोटो काढ आणि तो काळा-पांढरा करून बघ, उलटी पडलेली चौकट रंगांच्या गर्दीत लपते, तिथं लगेच उठून दिसते. मग चिठ्ठ्या. आडव्या ओळींना क, ख, ग, उभ्यांना आकडे. पण नुसता आकडा पुरत नाही, कारण ही चौकट चार तऱ्हांनी बसते आणि त्यातली एकच बरोबर असते. म्हणून चिठ्ठीची टाचणी प्रत्येक चौकटीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातच लाव. गुळेदगुड्डच्या खणांचे तुकडे घेतलेस तर बुट्टी कुठल्या दिशेला जाते तेही आत्ताच ठरव.

शिवताना पहिली उभी ओळ दुसरीवर पालथी घाल. क-1 ला क-2 जोड, दोरा न तोडता लगेच ख-1 ला ख-2, असं शेवटपर्यंत. पंधरा जोड्या तोरणासारख्या एका दोऱ्यात लटकतील. तो मधला दोरा कापायचा नाही, इस्त्री करतानाही नाही. त्या तोरणालाच तिसरी ओळ जोड, मग चौथी. बाराही झाल्या की आडव्या ओळी आपोआप क्रमानं एकमेकींना धरून असतात, आणि फक्त आडव्या शिलाया उरतात. इस्त्री करताना क ओळीची शिलाई डावीकडं, ख ची उजवीकडं, अशी आलटून पालटून दाब. जोडावर जोड घट्ट बसतो आणि गठ्ठा होत नाही.

उठायची वेळ आली तर उरलेल्या तुकड्यांवर वर्तमानपत्र घालून चादर तशीच गुंडाळ. एकावर एक ढीग करून ठेवलेस तर पुन्हा मांडत बसशील.

लाल तुकडे कापण्याआधी भिजवून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघ. घटस्थापनेआधी हिरण्यकेशी नदीवर वाकळा धुताना एका लाल तुकड्यानं अख्खी वाकळ गुलाबी केलेली बघितली आहे. पुन्हा पूर्वीसारखी होत नाही.

अस्तरासाठी धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं काढून ठेवलंय, नवं कापड आणू नकोस. उभे जोड संपले की चादरीत गुंडाळून इकडं घेऊन ये. आडवी शिलाई घालण्याआधी मला एकदा बघू दे.

तुझी,
आत्या