खाणीचें पाणी आणि भातशेतीचे पाट

ठाणें-कल्याण भागांत खाण म्हटली म्हणजे ती बहुधा काळ्या दगडाची. पारसिकच्या डोंगरासारख्या ठिकाणीं दगड काढल्यानें खोल खड्डे पडले आहेत. अशा खाणींत पाणी सांचलें म्हणजे काम चालविण्यासाठीं तें पंपानें उपसावें लागतें, आणि उतारानें तें नाल्यांत व पुढें शेताच्या पाटांत येतें. तें खाचरांत घ्यावें कीं नाहीं, याचा विचार येथें करूं.

कोळशाच्या कांहीं खाणींत लोह व गंधक यांचें खनिज असतें. त्यास हवा व पाणी लागलें म्हणजे गंधकाम्ल तयार होतें. म्हणून तेथील पाणी निर्मळ दिसूनही आम्लधर्मी असूं शकतें. आपल्या काळ्या दगडांत हा दोष सहसा नसतो. आपणांकडील मुख्य अपाय दगडाच्या भुकटीचा आहे. ती खाचराच्या पृष्ठभागावर बसून जमिनीचीं छिद्रें बुजविते, आणि राबांतील कोवळीं रोपें तिच्याखालीं दबतात. सुरुंगाच्या दारूंतील अमोनियम नायट्रेटही पाण्यांत विरघळतें. हें नत्र असलें तरी बेमाप मिळाल्यास भात माजतें व लोळतें.

१९८६ च्या पर्यावरण नियमांप्रमाणें सिंचनासाठीं जमिनीवर सोडावयाच्या सांडपाण्यांत तरंगता गाळ लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो. परंतु असें पाणी एक एकरांत १० सेंटिमीटर उभें केल्यास सुमारें ८० किलो भुकटी शेतांत राहते! गोव्यांत लोखंडाच्या खाणींची माती वाहून भातशेतांत बसली. २०१२ सालीं तेथील खाणकाम थांबलें. पण बसलेला गाळ हुकुमानें निघत नाहीं. म्हणून बंदोबस्त पाटाच्या तोंडाशींच केला पाहिजे.

खाणवाल्यानें खड्ड्याभोंवतीं चर खणून डोंगराचें पाणी बाहेरून वळवावें, म्हणजे उपसा कमी होतो. उपसलेलें पाणी एकापुढें एक अशा दोन हौदांत निवळूं द्यावें. एक शतांश मिलिमीटरचा कण स्थिर पाण्यांत एक मीटर खालीं जाण्यास सुमारें तीन तास घेतो. त्याच्या पांचव्या हिश्शाएवढा कण तीन दिवस घेतो. यावरून लहानसा हौद कां पुरत नाहीं हें ध्यानांत येईल.

शेतकऱ्यानें पाटाच्या तोंडाशीं फळी बसवावी व उपसा चालूं असतां ती बंद ठेवावी. पहिल्या खाचरापूर्वीं गाळखड्डा करून तो उन्हाळ्यांत उपसावा. कांचेच्या बाटलींत पाणी चोवीस तास ठेवावें. तळाशीं थर बसला किंवा पाणी गढूळच राहिलें, तर तें घेऊं नये. तेलाचा तवंग दिसल्यासही तोच नियम.

डोंबिवली-अंबरनाथकडील कारखान्यांच्या पाण्यास मात्र ही परीक्षा पुरत नाहीं. तेथें रासायनिक तपासणीच हवी. तक्रार करणें झाल्यास गांवकऱ्यांनीं एकत्र येऊन, पंप चालूं असतांनाच, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून नमुना घेवविण्याचा आग्रह धरावा. पाणी वाहून गेल्यावर पुरावाही वाहून जातो.