गजकर्ण पुन्हा पुन्हा का उठतं?

प्रश्न : पावसाळ्यात जांघेत गजकर्ण उठतं. दुकानातून आणलेल्या मलमाने खाज थांबते, पण महिन्याभरात पुन्हा सुरू होते. असं का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : गजकर्ण म्हणजे बुरशीचा संसर्ग. ही बुरशी त्वचेच्या वरच्या थरातल्या केराटिनवर जगते आणि बाहेरच्या बाजूला पसरत जाते. म्हणून चट्ट्याची कड लाल, खवलेदार आणि मधला भाग निवळलेला दिसतो. दुकानातल्या अनेक मिश्र मलमांत स्टेरॉइड असतं. त्याने खाज दबते, बुरशी मात्र वाढतच राहते. असं मलम परस्पर लावू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. चट्टा गेला तरी त्यांनी सांगितलेले दिवस औषध पूर्ण करा. दमट कपडे घालू नका, टॉवेल वेगळा ठेवा. घरात आणखी कुणाला खाज असेल, तर त्यांचेही उपचार सोबतच करून घ्या.