संगणकातला लव्हाळा



उसातला लव्हाळा आपल्याला नवीन नाही. खुरपणी झाली, सरी स्वच्छ दिसली, की आठवड्यात पुन्हा हिरवीगार. पाला काढला तरी जमिनीतली गाठ तशीच राहते. घरच्या संगणकात शिरलेला व्हायरस असाच असतो, हे आम्हाला नुकतेच स्वतःच्या घरी शिकावे लागले. आम्ही शेतकी डिप्लोमावाले, संगणकाचे शिक्षण नाही. पण पुष्कळ सभासदांच्या घरी आता मुलांसाठी घेतलेला संगणक आहे, आणि ऊसबिल जमा होते ते बँक खातेही काही जण त्यावरच उघडतात. म्हणून जे केले ते इथे देत आहोत.

मुलीचा प्रकल्प छापायला पेनड्राइव्ह बाहेर एका दुकानात गेला आणि रोग घेऊन आला. घरी लावताच त्यातले सगळे फोल्डर शॉर्टकट झाले. पुढे संगणक मंद, इंटरनेट उघडले की भलत्याच जाहिराती. आमच्या आईचे जुने फोटो आणि बारा वर्षांच्या प्लॉट नोंदी त्याच संगणकात, दुसरी प्रत कुठेच नाही. दोन दिवस घरात कोणी धड बोलत नव्हते. अँटिव्हायरसने रोग काढला म्हणून सांगितले, पण सकाळी संगणक सुरू केला तर पुन्हा तेच.

अशा वेळी प्रथम इंटरनेट तोडावे आणि त्या संगणकावर बँकेचे काम अजिबात करू नये. शॉर्टकट पाहून घाबरून फॉरमॅट मारू नये. बहुतेक वेळा फायली गेलेल्या नसतात, नुसत्या लपवलेल्या असतात.

रोग परत का येतो? संगणक सुरू होताच तो स्वतः जागा होतो आणि जागेपणी हाताला लागत नाही. म्हणून विंडोज जागे होण्याआधी तपासणी करावी लागते. विंडोज १० व ११ मध्ये ही सोय फुकट आहे. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडावे, व्हायरसच्या सदरात ‘स्कॅन ऑप्शन्स’ आणि त्यात ‘ऑफलाइन स्कॅन’ निवडावे. आधी अँटिव्हायरस ताजा करण्यापुरते इंटरनेट जोडावे, उघडी कामे सेव्ह करावीत. संगणक बंद होऊन आपोआप सुरू होतो. साधारण पंधरा मिनिटे लागतात, मध्येच बटण दाबू नये.

मग गाठी शोधाव्या. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबले की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या ‘स्टार्टअप’मध्ये संगणकाबरोबर सुरू होणाऱ्या प्रोग्रामांची यादी असते. अनोळखी नाव दिसल्यास ‘डिसेबल’ करावे. लगेच पुसू नये, कारण ते कामाचेही असू शकते. ब्राउझरमधली एक्स्टेन्शन्सही पाहावीत. आमच्या जाहिरातींचे मूळ तिथेच निघाले.

एक सांगून ठेवतो. पडद्यावर ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा’ असे आले तर फोन करू नये. ते औषधवाले नव्हेत, चोर असतात. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालवू नयेत, ते एकमेकांतच भांडतात. खात्रीची फुकट साधने भारत सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्र’ या संकेतस्थळावर २०१७ पासून मिळतात. हे काम परदेशी माणसांनीच करावे असेही नाही. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत. पुढे संगणक दुरुस्तीला येऊ लागले, त्यात व्हायरस सापडू लागले, तेव्हा धाकटे बंधू संजय यांनी ते काढायचा प्रोग्राम लिहिला. त्यातूनच १९९० च्या दशकात ‘क्विक हील’ उभे राहिले.

एवढे करूनही रोग उठत राहिला तर गवताळ वाढीच्या उसाचा आपण खोडवा ठेवत नाही, तसे करावे. मोडून नवी लागण. फोटो आणि कागदपत्रे तेवढी बाहेर काढावीत, प्रोग्राम घेऊ नयेत. मग ‘रीसेट’मध्ये सर्व काढण्याचा पर्याय घ्यावा. त्यातला ‘क्लाउड डाउनलोड’ मूळ कंपनीकडून ताजे विंडोज आणतो, सुमारे ४ जीबी. कुणाच्या तरी चोरीच्या कॉपीतून विंडोज टाकणे म्हणजे काणीच्या प्लॉटातले बेणे आणणे. पासवर्ड सगळे बदलावेत, पण दुसऱ्या निरोगी संगणकावरून किंवा मोबाइलवरून. खात्यातून पैसे गेले असतील तर तासाभरातच १९३० ला फोन लावावा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पळतात.

आमचा संगणक ऑफलाइन तपासणीने स्वच्छ झाला, आणि चौथ्या दिवशी पुन्हा तेच! चूक आमचीच. तोच पेनड्राइव्ह कपाटातून काढून मुलीने परत लावला होता. संगणक धुतला, पण बेणे तसेच ठेवलेले. तो पेनड्राइव्ह आधी तपासून साफ केला, मग लपलेल्या फायली त्यातून काढल्या, मग त्याला फॉरमॅट मारला. आईचे फोटो सगळे मिळाले. नोंदींपैकी एका वर्षाची फाइल उघडली नाही. ती आता शेतकी खात्याच्या वहीवरून पुन्हा भरायला घेतली आहे.